मदत हवी आहे : मुंबईहून पूर्व आफ्रिकेला बोटीने जायचे आहे

सागरवेडा :
माझे आई-वडील पूर्वी आफ्रिकेत राहत होते आणि ते तिकडे बोटीनेच गेले होते, त्यामुळे मलाही तिथे समुद्रमार्गेच जायचे आहे. प्रवास कंपन्यांकडे चौकशी केली, तर सगळे जण विमानाची तिकिटे पुढे करतात. येत्या जानेवारीत निघायचे असल्याने हाताशी वेळ फार थोडा आहे. मुंबईहून सुटणारी बोट कोणती आणि तिचे आरक्षण कुठे होते, एवढेच कृपया सांगावे. विमानाने जाण्याचा सल्ला नको.

रत्नाकर_क :
आपण देशाचे नाव लिहिलेले नाही. केनिया, टांझानिया की मोझांबिक? मुंबईहून पूर्व आफ्रिकेला नियमित प्रवासी बोट आता नाही. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘करंजा’ 1976 मध्ये बंद झाली आणि त्या कंपनीची ही सेवाही तिच्याबरोबरच संपली.

डेकवरचा :
प्रवासी बोट नसली तरी मालवाहू जहाज असते. काही कंपन्या मोजक्या प्रवाशांना घेतात. बारापेक्षा अधिक प्रवासी असले की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते प्रवासी जहाज ठरते, म्हणून ही संख्या बाराच्या आतच राहते. मी युरोपातून असा प्रवास केला आहे आणि समुद्र खऱ्या अर्थाने कळायचा असेल, तर दुसरा मार्ग नाही असे माझे ठाम मत आहे. मुंबई ते केनियाचे बंदर मोंबासा हे अंतर सुमारे 2400 सागरी मैल आहे, म्हणजे साधारण आठवडाभराचा प्रवास.

रत्नाकर_क :
मालवाहू जहाजाचे वेळापत्रक मालावर ठरते, प्रवाशावर नाही. शिवाय 2023 च्या अखेरीपासून सोमालियाच्या किनाऱ्यालगत जहाजांचे अपहरण पुन्हा होऊ लागले आहे, हे दृष्टीआड करून कोणाला असा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही.

डेकवरचा :
धोका आहे म्हणून जहाजे थांबलेली नाहीत. प्रश्नकर्त्यांना जायचे आहे, तेव्हा मार्ग सांगणे हे आपले काम.

मीना_व :
आपण एकटेच जाणार आहात का? आणि वय किती? मालवाहू जहाजांवर सहसा वयाची कमाल मर्यादा असते, वैद्यकीय दाखलाही मागतात आणि जहाजावर डॉक्टर नसतो.

जुनी_कागदपत्रे :
आई-वडिलांच्या वास्तव्याच्या नोंदी पाहायच्या असतील, तर झांझिबारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला आणि नैरोबीच्या अभिलेखागाराला आधी पत्र लिहावे. जुन्या पासपोर्टवरील शिक्के स्पष्ट छायाचित्र काढून जपून ठेवा, शाई फार लवकर फिकट होते.

सागरवेडा :
नोंदींसाठी जायचे नाही. वडील आता नाहीत. आई सोबत येणार आहे आणि ती 84 वर्षांची आहे. लग्नानंतर 1960 मध्ये ती बोटीने झांझिबारला गेली आणि जानेवारी 1964 च्या क्रांतीनंतर दोघांना परत यावे लागले. काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेले वडिलांचे नाव आणि ‘झांझिबार’ ही अक्षरे अजून वाचता येतात. पहाटे डेकवरून शहराची पांढरी रांग दिसू लागली, तेव्हा वडिलांनी कोणती इमारत कोणती हे तिला बोट दाखवून सांगितले होते. तिला ते शहर पुन्हा पाण्यावरूनच पाहायचे आहे.

मीना_व :
हे आधी कळले असते, तर उत्तर सोपे होते. झांझिबार हे टांझानियाचे बेट आहे. मुंबईहून टांझानियाच्या मुख्य भूमीवरील दारेसलाम बंदरापर्यंत विमानाने जा आणि तिथून फेरीबोट घ्या. जलद फेरी सुमारे दोन तासांत स्टोन टाउनच्या, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहराच्या, धक्क्याला लागते आणि आईंनी पाहिलेली तीच दर्शनी रांग समोर येते. मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा की ‘बैत अल अजाइब’ या 1883 च्या राजवाड्याचा मोठा दर्शनी भाग 25 डिसेंबर 2020 रोजी कोसळला. तिथे पोहोचून अचानक ते दृश्य दिसू नये.

डेकवरचा :
या वयात मालवाहू जहाज नको, हे मला मान्य आहे. जानेवारीची निवड मात्र उत्तम. त्या काळात ईशान्येचा वारा असतो, त्याला तिकडे ‘कास्काझी’ म्हणतात. याच वाऱ्यावर पूर्वी शिडाची गलबते आपल्या किनाऱ्यावरून तिकडे जात. स्थानिक गलबतातून सामुद्रधुनी ओलांडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण परदेशी प्रवाशांना त्यातून जाऊ देत नाहीत.

रत्नाकर_क :
केनियात मुक्काम करून टांझानियात शिरलात, तर पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात, आणि भारतात परततानाही तो लागतो. साठीनंतर त्या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून आईंसाठी केनिया टाळणारा मार्गच निवडा आणि डॉक्टरांशी बोला. झांझिबारला ऑक्टोबर 2024 पासून परदेशी प्रवाशांना तेथील सरकारी विमा कंपनीचा प्रवासविमा घ्यावा लागतो. व्हिसा ऑनलाइन मिळतो.

सागरवेडा :
सर्वांचे मनापासून आभार. विमान नको म्हणालो होतो, पण शेवटचा टप्पा पाण्यावरून होणार असेल, तर आई राजी आहे. फेरीत उघड्या डेकवर बसता येते का, आणि तिथे जिने किती चढावे लागतात?

मीना_व :
तिकीट काढताना बोटीचे नाव विचारून घ्या, कारण बाहेर बसण्याची सोय प्रत्येक बोटीवर सारखी नसते. चाकांची खुर्ची हवी असल्याचेही त्याच वेळी कळवा, आणि चढायला लवकर पोहोचा, म्हणजे गर्दी होण्यापूर्वी त्यांना कठड्याजवळची जागा मिळेल.