शब्दचर्चा: पिकानं दगा दिला म्हणून देश सोडणाऱ्याला काय म्हणावं?

अनुवादक_नाशिक

मध्य अमेरिकेतल्या ‘कोरड्या पट्ट्या’वरचा एक लेख मराठीत आणते आहे. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा अशा देशांतून जाणारा हा कोरडवाहू मुलूख. पिकं मुख्यतः मका आणि घेवडा. वर्षात दोन पेरण्या होतात, एक मेच्या सुमारास आणि दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरात. मधे पावसाचा खंड पडतो, त्याला तिकडे ‘कानिकुला’ म्हणतात. खंड दरवर्षीचाच, पण तो लांबला की तुऱ्यावर आलेला मका उभ्या उभ्या वाळतो. २०१४ नंतर सलग काही वर्षं असंच झालं, २०१८ मध्ये पुन्हा झालं. त्याआधी २०१२ च्या सुमारास कॉफीवर तांबेरा पडला आणि तोडणीची मजुरी बुडाली. मग नोव्हेंबर २०२० मध्ये एटा आणि आयोटा ही दोन चक्रीवादळं दोन आठवड्यांच्या आत येऊन गेली. माणसं उत्तरेकडे, मेक्सिको ओलांडून अमेरिकेच्या दिशेनं निघाली.

मूळ लेखात त्यांना ‘क्लायमेट रेफ्युजी’ म्हटलंय. मी ‘हवामान निर्वासित’ लिहिलं, पण खटकतंय. ‘स्थलांतरित’ लिहिलं तर फारच सपाट वाटतं. शिवाय ‘फूड इनसिक्युरिटी’साठी ‘अन्न असुरक्षितता’ जिभेवर बसत नाही. तुम्ही काय लिहाल?

येरळाकाठ

खटकतंय ते बरोबर आहे. त्याचं कारण शब्दातच आहे.

‘निर्वासन’ म्हणजे घालवून देणं, हद्दपार करणं. म्हणजे ‘निर्वासित’ हा आपण होऊन निघालेला नव्हे, त्याला कुणीतरी घालवलेलं असतं. हिंदीनं ‘शरणार्थी’ घेतला, त्यात माणूस कशाच्या शोधात आलाय ते दिसतं. मराठीनं त्याला बाहेर कसं काढलं गेलं ते धरून ठेवलं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं आली, त्याच वस्तीचं पुढे उल्हासनगर झालं. त्यांना आपल्याकडे निर्वासित म्हणत आणि ते शब्दशः खरं होतं.

कायदाही नेमकं हेच विचारतो, की घालवलं कुणी? १९५१ च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळ होण्याची साधार भीती लागते. त्यात दुष्काळ नाही. प्रशांत महासागरातल्या किरिबाती या बेटराष्ट्राच्या इओआने तैतिओता यांनी न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला: समुद्र चढतोय, विहिरी खारट होताहेत, पिकं येत नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये त्यांची मागणी नाकारली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनंही त्यांच्या बाजूनं निकाल दिला नाही. मात्र जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या त्या निर्णयात एक दार किलकिलं राहिलं: हवामान बदलामुळे जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत पाठवणं हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन ठरू शकतं.

तेव्हा अनुवादात कायदेशीर दर्जाची गोष्ट असेल तिथे ‘निर्वासित’ वापरू नका. वाचकाला वाटेल की त्यांना तो दर्जा मिळालाय, आणि तो न मिळणं हेच तर त्यांचं दुखणं आहे. पण व्याकरणाच्या बाजूनं मला हा शब्द सोडवत नाही. घालवणारा कुणीतरी आहेच. कोरड्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं किंवा किरिबातीच्या कोळ्यानं हवा तापवलेली नाही.

सिंदफणा

मी बीडची. आमच्याकडे एखाद्या घराला कुलूप दिसलं आणि विचारलं ‘कुठं गेले?’ तर उत्तर येतं, ‘जगायला गेले.’ एवढंच. स्थलांतर हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचला, तोही पक्ष्यांच्या धड्यात. आजीनं तो कधी उच्चारला नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढायची, आणि गाव सोडून गेलेल्यांबद्दल म्हणायची, ‘जगायला गेले ते तिकडंच राहिले.’

‘जगायला जाणं’ यात कारण आहे, आणि इथे राहिलो तर जगणं नाही हेही न बोलता आलं. होंडुरासच्या माणसाला हाच शब्द लावला तर काय बिघडतं?

आणखी एक शब्द सुचवते. सीमेपलीकडे नेणाऱ्या दलालाला तिकडे ‘कोयोते’ म्हणतात. त्याला द्यायला घर-जमीन गहाण टाकून कर्ज काढतात. माणूस वाटेतून परत पाठवला गेला तरी कर्ज तसंच राहतं. आमच्याकडे ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून ‘उचल’ घेतात आणि हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा कोयता. व्यवहार वेगळा आहे म्हणून तिथे ‘उचल’ लिहू नका, ‘कर्ज’च लिहा. पण जाण्याआधीच माणूस बांधला जातो, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

ज्यांच्याकडे गहाण टाकायलाही काही नसतं ते निघूच शकत नाहीत. त्यांच्यासाठी तर कुठलाच शब्द छापला जात नाही. आमच्याकडे म्हणतात, ‘त्यांचं गाव सुटत नाही.’

अनुवादक_नाशिक

‘गाव सुटत नाही’ मी नक्की वापरणार. ‘परागंदा’ आणि ‘देशोधडी’चाही विचार केला होता.

येरळाकाठ

‘परागंदा’ फारसीतून आलाय, अर्थ विखुरलेला. जुन्या कागदांत रयत परागंदा झाल्याचे उल्लेख असतात, पण आज त्याला फरार झाल्याचा वास येतो. आधीच ज्यांना बेकायदा म्हणतात त्यांना तो नको. ‘देशोधडीला लागले’ एखाद्या वाक्यात चालेल, संज्ञा म्हणून नाही.

आता अन्नाचं. आपला ‘दुष्काळ’ अवर्षणालाही लागतो आणि उपासमारीलाही. आंतरराष्ट्रीय मोजमापात या दोन टोकांच्या मधे पायऱ्या आहेत. पाचव्या, शेवटच्या पायरीवर पाचातलं निदान एक घर अन्नाला पूर्ण मोताद असतं, तीसहून अधिक टक्के मुलं तीव्र कुपोषित असतात आणि दर १०,००० माणसांमागे रोज किमान दोन माणसं मरतात. २०११ मध्ये सोमालियात ती जाहीर झाली, तेव्हा केनियातल्या दादाबच्या छावण्यांत माणसांचे लोंढे आले. तुमच्या लेखातली कुटुंबं बहुधा त्याच्या कितीतरी आधीच्या पायरीवर आहेत: जेवण दोन वेळांवरून एकावर येतं, घेवडा बंद होतो, नुसती मक्याची भाकरी मीठ लावून. ‘असुरक्षितता’ ऐकून कुणीतरी धान्य पळवतंय असं वाटतं. ‘पोटाची शाश्वती नसणं’ लिहा. सरकारी अहवालाचं नाव असेल तिथेच ‘अन्न असुरक्षितता’ ठेवा.

अनुवादक_नाशिक

‘पोटाची शाश्वती’ पक्कं. ‘हवामान बदल’ ठेवते. राज्याच्या खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आहे हे माहीत आहे, पण बोलण्यात हवामानच येतं.

शेवटी एक सापडलेला शब्द तुमच्यासाठी. तुवालू हेही प्रशांत महासागरातलं बेटराष्ट्र. त्याच्यात आणि ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये करार झाला, २०२४ मध्ये लागू झाला. त्याखाली तुवालूच्या २८० जणांना दरवर्षी ऑस्ट्रेलियात जाऊन राहता येतं. त्यांना निर्वासित म्हटलेलं नाही. कराराचं नाव ‘फालेपिली’, आणि अर्थ जवळजवळ आपला ‘शेजारधर्म’. हा शब्द मी तळटीप न देता थेट मराठीतच घेणार आहे.

लेखाचं पहिलं वाक्य आता असं झालंय: ‘मका तुऱ्यावर असताना पाऊस गेला आणि निम्मं गाव जगायला निघालं.’