बार्बी बेंटन : अमेरिकन मॉडेल, टीव्ही अभिनेत्री, कंट्री गायिका (अनुभव धागा)

सत्तरच्या दशकातल्या कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण ढंगाचं संगीत) रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांनी, वाजवणाऱ्यांनी, स्टुडिओत बसणाऱ्यांनी लिहावं. 'किती गोड दिसायची' एवढ्यावर थांबू नका.

प्रतिसाद १
बेंटन ज्यात असायची त्या 'ही हॉ'च्या (कंट्री गाणी आणि विनोदांचा टीव्ही कार्यक्रम) जुन्या क्लिप पाहताना प्रक्षेपणाची तारीख म्हणजे चित्रीकरणाची तारीख समजू नका. नॅशव्हिलला (कंट्री संगीताचं मुख्य शहर) वर्षातून दोनदाच, जून आणि ऑक्टोबरमध्ये, चित्रीकरण व्हायचं. मक्याच्या शेताचा सेट लावला की तिथले सगळे विनोद एका दमात उरकायचे, पुढ्यात धरलेल्या फलकांवरून वाचत. भागांची जुळवाजुळव नंतर संकलनात. त्यामुळे लॉस एंजेलिसला राहून बेंटनला हे काम जमलं. कपड्यांवरून वर्ष ठरवायला गेलात तर हमखास फसाल.

प्रतिसाद २
बेंटन ही 'प्लेबॉय' मासिकाच्या मालकाची, ह्यू हेफनरची, मैत्रीण आणि रेकॉर्ड कंपनीही त्याचीच, म्हणून वशिला, असं सर्रास म्हटलं जातं. तिचं 'ब्रास बकल्स' हे गाणं १९७५ साली बिलबोर्ड या संगीत मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत ५व्या क्रमांकावर गेलं. तेव्हा ही यादी रेडिओ केंद्रं आणि दुकानं कळवतील त्यावर बनायची. यंत्रानं मोजणी १९९०पासूनची. आता गंमत बघा, पुढच्या गाण्यांनाही वशिला तोच होता. मिकी गिलीसारख्या नावाजलेल्या गायकाबरोबरचं द्वंद्वगीतसुद्धा पहिल्या पाचांत पोचलं नाही. म्हणजे ते एक गाणं खरोखर चाललं.

प्रतिसाद ३
वाजवणाऱ्यांसाठी. नॅशव्हिलचे वादक कॉर्डची (एकत्र वाजवायच्या सुरांची) नावं न लिहिता आकडे लिहितात. आपल्या पेटीवाल्यांचा इथे घोटाळा होतो: १-४-५ वाचून पांढरी एक, पांढरी चार शोधू नका. ते सा, म, प वरचे कॉर्ड. पट्टी पांढरी पाच (जी) असेल तर जी, सी, डी. गायिकेला उंच पडली आणि एफला उतरलात तर एफ, बी फ्लॅट, सी. कागद तोच राहतो. तीन तासांच्या एका सेशनमध्ये तीन-चार गाणी उरकायची, तर नव्यानं लिहीत बसायला वेळ कुणाला? आवाजाचा पल्ला मोठा नसलेल्या गायिकेला याचा फार आधार. मात्र मायनर कॉर्डचं चिन्ह (आकड्यापुढची आडवी रेघ) नजरेतून सुटलं की सगळं बेसूर.

प्रतिसाद ४
तिचं 'एन्ट दॅट जस्ट द वे' कंट्रीच्या खणात शोधत बसू नका. ते आलं 'मॅक्लाउड' या पोलिसी मालिकेतून आणि पहिल्या क्रमांकावर गेलं ते स्वीडनमध्ये! १९९६ साली गायिका ल्युट्रिशिया मॅकनीलनं ते पुन्हा गायलं. बऱ्याच जणांना तेवढंच ठाऊक असतं. दोन्ही लागोपाठ ऐका. चाल तीच, ठेका पार वेगळा.

प्रतिसाद ५
आणि तिचा १९८८चा 'कायनेटिक व्हॉयेज' मागवताना जपून. तो पियानोचा अल्बम आहे, कंट्री नव्हे.