गणपती विसर्जनापासून कोजागरीपर्यंत : डोंगरवाटांवरचे अनुभव

आषाढ-श्रावणातल्या चिंब भटकंतीविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि मार्गशीर्ष-पौषातल्या कडाक्याच्या थंडीतील मुक्कामांविषयीही लिहिले जाते. या दोहोंच्या मधले जे चार-पाच आठवडे असतात, त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. वास्तविक सह्याद्रीत फिरण्यासाठी मला हाच काळ सर्वांत आवडतो. टाकी काठोकाठ भरलेली असतात, सोनकीने उतार पिवळे झालेले असतात, आणि सकाळचे आकाश इतके स्वच्छ असते की पाऊस संपला असे कोणालाही वाटावे. तो संपलेला नसतो. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागते, पुढे चित्रा येते, आणि परतीचा पाऊस दुपारनंतर हजेरी लावत राहतो. डोंगर सुकल्यासारखा दिसतो, पण ओल अजून कातळात आणि पायाखालच्या मातीत मुरलेली असते. या दिवसांतले बहुतेक अपघात याच फसगतीतून होतात, असे माझे मत आहे.

म्हणून विनंती अशी, की या काळात केलेल्या एका दिवसाच्या किंवा एक-दोन मुक्कामांच्या भटकंतीचा अनुभव प्रत्येकाने लिहावा. कोणत्या सुमारास गेलात, कोणत्या वाटेने गेलात, पाणी कोठे मिळाले आणि काय चुकले, हे जरूर लिहावे. चुकलेले लिहायला संकोच करू नये, कारण पुढे जाणाऱ्याला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. सुरुवात मी करतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघे पाचनईहून हरिश्चंद्रगडावर गेलो. सामान घेऊन जाणाऱ्यांसाठी गडाच्या वाटांपैकी हीच सर्वांत सोपी आहे. अकराच्या सुमारास मंदिरापाशी पोहोचलो, केदारेश्वराच्या गुहेतल्या कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून शिवलिंगाला प्रदक्षिणा घातली, जेवलो, आणि तीनच्या सुमारास कोकणकड्यावर जाऊन बसलो. समोर कोकण स्वच्छ दिसत होते आणि ढगाचा ठिपकाही नव्हता. अर्ध्या तासाने पाठीमागे गडगडले. वळून पाहिले, तर तारामती शिखराच्या मागचे सगळे आकाश शाईसारखे झाले होते.

हे असे का होते, ते मला त्या दिवसानंतर नीट समजले. जून ते ऑगस्टमध्ये पाऊस समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि आपल्याला तीच सवय लागलेली असते. मॉन्सून माघारी फिरू लागला की वरच्या हवेतले वारे पूर्वेकडून वाहू लागतात. देशावर दिवसभराच्या उन्हाने वाढलेले ढग दुपारनंतर घाटाकडे सरकतात आणि संध्याकाळी कोकणात उतरतात. कड्यावर बसलेल्या माणसाचे तोंड पश्चिमेला असते, आणि वादळ त्याच्या पाठीमागून येत असते.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आम्ही सेकंद मोजले. चौदा भरले. ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे 3 सेकंद लागतात, म्हणजे वीज पाच किलोमीटरच्याही आत होती, आणि हे अंतर 30 सेकंदांच्या आत आले की उघड्यावरून निघायचे असते. आम्ही कडा सोडला, मंदिराकडच्या वाटेवरच्या सखल कारवीच्या रानात शिरलो, चालण्याच्या काठ्या लांब टाकल्या आणि एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर, पाय जुळवून, आपापल्या सॅकवर उकिडवे बसलो. पाऊण तास कोणी कोणाशी बोलले नाही. पाऊस ओसरल्यावर पाहिले, तर माझ्या गुडघ्यावर कारवीचे एक जांभळे फूल चिकटलेले होते आणि ते काढण्याएवढीही माझी बोटे सरळ होत नव्हती. त्यानंतर या महिन्यात दुपारी दोननंतर मी कड्यावर किंवा शिखरावर थांबलेलो नाही.

नाशिकहून :

माझी आई 62 वर्षांची आहे. नवरात्रात एकदा तरी कळसूबाईला जायचे, ही तिची फार दिवसांची इच्छा होती. कळसूबाई 1646 मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, आणि नवरात्रात वर यात्रा भरते. तिचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही पहाटे पाचला बारी गावातून निघालो. अंधारात भातखाचरांच्या बांधावरून जाताना दवाने पाय ओले झाले आणि आईने शेवटी चपला काढून हातात घेतल्या. अनवाणी जाणाऱ्या बायका आमच्या पुढे-मागे होत्याच.

लोखंडी शिड्यांपाशी रांग होती. शिडीवर चिखलाचे पाय पडून पडून पायऱ्या गुळगुळीत झाल्या होत्या, त्यामुळे आईच्या मागे एक पायरी खाली मी आणि पुढे भाऊ, असे आम्ही चढलो. आईला मी एवढेच सांगितले होते, की खाली पाहायचे नाही आणि एका वेळी एकच हात सोडायचा. शेवटच्या शिडीच्या अलीकडे काकड्या विकणाऱ्या एका मावशींनी आईला जवळ बसवून घेतले, काकडी चिरून मीठ लावून दिली आणि पैसे घेईनात. "पहिल्यांदा आलात ना, मग देवीची काकडी समजा," म्हणाल्या. त्याच मावशींनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितले, "दुपार करू नकोस गं, वीज शिडीलाच धरते." आम्ही साडेनऊला दर्शन घेऊन लगेच उतरायला लागलो आणि बाराच्या आत बारीत होतो. साडेतीनला नाशिकच्या रस्त्यावर गाडीत असताना धो धो पाऊस लागला, तेव्हा वर रांगेत अजून किती लोक असतील, या विचाराने आई घरी पोहोचेपर्यंत अस्वस्थ होती.

पुण्याहून :

मी एका भ्रमंती-संस्थेबरोबर ऑक्टोबरच्या मध्याला राजगड-तोरणा केला. संस्थेचे नाव देत नाही, कारण अशी चूक बऱ्याच जणांकडून होते. चाळीस माणसे आणि दोन वाटाडे होते. संजीवनी माचीवरून सकाळी सातला निघायचे ठरले होते, प्रत्यक्षात साडेदहाला निघालो. एवढ्या एका उशिराने पुढचे सगळे बिघडले.

दोन्ही गडांना जोडणाऱ्या या डोंगरधारेवर ऑक्टोबरात गवत पुरुषभर उंच असते. मळलेली वाटसुद्धा त्यात बुडून जाते, आणि ढोरवाटा मात्र रुंद दिसत असल्याने माणूस हमखास त्यांच्याकडे वळतो. आम्ही दोनदा चुकलो. शिवाय या दिवसांत गवत वाळायला लागलेले असते आणि त्याची कुसळे मोज्यांतून आरपार जातात. मी रात्री चिमट्याने 30 हून अधिक काढली. पण खरा त्रास उन्हाचा झाला. आम्हाला दोन लिटर पाणी आणायला सांगितले होते, आणि दमट हवेत, वारा अडवणाऱ्या गवतातून, भर दुपारी ते दीड वाजताच संपले. मधल्या टप्प्यात भरवशाचे पाणी नव्हते. आमच्यातल्या एका मुलाच्या पायांत गोळे येऊ लागले आणि मग त्याला उलट्या सुरू झाल्या.

धारेवर धनगरांची दोन-चार घरे आहेत, तेथे आम्ही त्याला नेले. घरातल्या आजींनी त्याला सावलीत आडवे केले आणि मिठाचे पातळ ताक वाटीने, थांबून थांबून पाजले. तो भांडे तोंडाला लावायला लागला तेव्हा त्यांनी हात धरला. "घटाघटा पिऊ नको बाळा, परत उलटून पडेल," असे त्या म्हणाल्या, आणि ते अगदी बरोबर होते. तासाभराने तो उठून बसला. उरलेला तोरणा आम्ही सोडून दिला आणि गाववाटेने खाली उतरलो. आता मी या काळात चार लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे घेतल्याशिवाय निघत नाही, आणि संस्था कोणतीही असो, निघण्याची वेळ टळली तर मोठा टप्पा तेथेच रद्द करायला सांगतो. लोक नाराज होतात, पण तरीही मी सांगतो.

साताऱ्याहून :

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि दर वर्षी सप्टेंबरात मुलांना घेऊन कास पठारावर जाते. कास 2012 पासून जागतिक वारशात असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तेथे आधी नोंदणी करून जावे लागते, हे सर्वांना माहीत आहे. मला सांगायचे आहे ते त्या फुलांच्या पायाखालचे. जांभ्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी दोन-तीन बोटांचाच असतो आणि त्या मातीत नत्र फार कमी असते. म्हणून तेथे सीतेच्या आसवांसारखी कीटकभक्षी वनस्पती वाढते. तिची निळी-जांभळी फुले आपण पाहतो, पण तिचे खरे काम मातीखाली चालते. तेथे टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या असतात, आणि पाण्यातला सूक्ष्म जीव केसाला लागताच पिशवी उघडून त्याला आत ओढून घेते.

गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी भिंगातून हे पाहत होती. तिने मान वर न करता विचारले, "बाई, मग आपण आत्ता कशावर उभ्या आहोत?" आम्ही दोघींनी खाली पाहिले. आमच्या चार पावलांखाली गेंदाची निदान पन्नास बोंडे चिरडलेली होती. तेव्हापासून मी मुलांना उघड्या कातळावरूनच चालवते आणि फोटोसाठी फुलांत कोणालाही बसू देत नाही. मोठ्या माणसांना हे सांगावे लागते, तेव्हा मला फार वाईट वाटते.

सावंतवाडीहून, अगदी थोडक्यात :

आंबोलीच्या रानात चढताना आधारासाठी फांदी धरण्याआधी ती नीट पाहावी. मी ज्या फांदीकडे हात नेला होता, तिच्यावर हिरवागार चापडा साप वेटोळे घालून निश्चल बसला होता. तो विषारी आहे, पण दिवसा जागचा सहसा हलत नाही. आपण हात मागे घेतला की प्रश्न मिटतो. जळवांसाठी मी मीठ फडक्यात बांधून बरोबर ठेवतो.

ठाण्याहून :

सप्टेंबरच्या अखेरीस सांदण दरीत उतरायचे म्हणून आम्ही साम्रदला गेलो. गावातल्या काकांनी साफ नकार दिला. ऊन लख्ख होते, त्यामुळे आम्ही वाद घातला. त्यांनी आम्हाला दरीच्या तोंडापर्यंत नेले आणि गप्प उभे राहिले. पाणी छातीएवढे तरी असावे, आणि वर कोठे पाऊस पडला तर त्या अरुंद भिंतींत बाहेर पडायला जागा उरत नाही. आम्ही त्यांची माफी मागितली आणि दिवस रतनगडावर घालवला. नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात बसून भंडारदऱ्याचे पाणी पाहत असताना आमच्यापैकी कोणालाही दरी चुकल्याचे दुःख नव्हते.

बॉस्टनहून :

आमच्याकडे याच दिवसांत मेपल लाल होतात आणि मी न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये जातो. माउंट लाफायेत 1600 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडा कमीच. या तुलनेनेच पहिल्या वर्षी माझा घात केला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही उंची घरची वाटते, परंतु तेथे शेवटच्या टप्प्यात झाडे संपतात आणि लिंकन ते लाफायेत ही धार पूर्ण उघडी आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खाली वाहनतळावर मी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात होतो. धारेवर खडकांना पांढरा बर्फ धरलेला होता आणि वाऱ्यात उभे राहवत नव्हते. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळला, विजेरी मी घेतलेली नव्हती, आणि खालच्या झाडीत शिरलो तेव्हा पाऊल कोठे पडते ते दिसेना. मागून आलेल्या एका वयस्कर जोडप्याने मला मधे घेऊन, पुढे-मागे उजेड धरून खाली आणले. आता डोक्याला बांधायची विजेरी, लोकरीची टोपी आणि वारारोधक कोट हे तीन जिन्नस माझ्या सॅकमधून वर्षभर निघत नाहीत.

जुन्नरहून :

आम्ही दर कोजागरीला नाणेघाटात मुक्काम करतो. बरोबर मुले असतात, म्हणून घाटघरच्या बाजूने पठारावरून सोप्या वाटेने येतो आणि सूर्यास्ताआधी मुक्कामाची जागा गाठतो. मुलांना रांजण दाखवतो, गुहेतल्या भिंतीवरचा सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दाखवतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वी येथून कोकणातला माल चढून येई, हे सांगतो. सामान मोजके असते. प्रत्येकाची पथारी, एक कोरडा कपड्यांचा जोड प्लॅस्टिकमध्ये बांधलेला, पातेले, आणि दूध खालच्या गावातूनच घेतलेले.

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी सहाला पूर्वेकडे ढग दाटले. वर पहिल्या अनुभवात लिहिले आहे, तेच आम्हीही पाहत होतो. जीवधनाच्या माथ्यावर विजा होत होत्या. मुलांना घेऊन मी सरळ गावात परतलो आणि ओळखीच्या घराच्या ओसरीत पथाऱ्या टाकल्या. मुले हिरमुसली होती. धाकटा तर रडलाच, कारण चंद्राचे दूध डोंगरावरच प्यायचे असे त्याच्या मनाने घेतले होते. नऊच्या पुढे पाऊस थांबला. साडेदहाला ढग कोकणाकडे सरकले आणि तोवर बराच वर चढलेला चंद्र दिसू लागला. वहिनींनी चुलीवर दूध पुन्हा तापवले आणि अंगणात ठेवलेल्या पातेल्यात चंद्र दिसतो का, हे पाहायला धाकट्याने इतके वाकून पाहिले की त्याच्या केसांतले पाणी दुधात पडले. आम्ही ते तसेच प्यायलो.

पहाटे साडेपाचला उठून घाटात गेलो, तेव्हा कातळ अजून ओला होता, म्हणून नळीत न उतरता मुलांना वरच बसवले.