अलॉय-टायर बदलल्यावर स्टीअरिंगचं काय झालं? (अनुभव धागा)

कोल्हापुरात अलॉय बघायला गेलं की दुकानदार इंच विचारतो, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) बघतो आणि "बसतंय की" म्हणतो. बसतंय खरं, पण नंतर स्टीअरिंग हाताला कसं लागतं हे कोण सांगत नाही. म्हणून हा धागा. स्पोर्ट्स कार असो की तिखट हॅचबॅक, आधीचा-नंतरचा साइझ, ऑफसेट (रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमीवर) आणि टायरमधली हवा, एवढं लिहा. "नाद खुळा झाली गाडी" एवढ्यावर भागवू नका.

माझी पोलो जीटी टीएसआय. १८५/६० आर१५ काढून २०५/४५ आर१७ घातले (रुंदी मिमीत, साइडवॉल रुंदीच्या टक्क्यात, रिम इंचात). व्यास ६०३ मिमीचा ६१६ झाला, म्हणजे दोन टक्के, विशेष नाही. पण साइडवॉल, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची, १११ मिमीवरून ९२ वर आली आणि खरा फरक तिथं पडला. वाघबीळवरून पन्हाळ्याकडं वळताना पूर्वी गाडी जरा रेंगाळायची, आता हात हलला की नाक वळतं. पण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला चर पडले की ही रुंद टायरं त्यात शिरतात, आणि चर नेईल तिकडं गाडी ओढते. तेवढे महिने दोन्ही हात स्टीअरिंगवर.

उद्यमनगरी
अबार्थ पुंटो, १९५/५५ आर१६. पीसीडी ४×९८ (चार बोल्ट, ९८ मिमी), त्यामुळं बाजारातली बरीच रिमं आधीच बाद. ४×१०० ची रिम वॉबल बोल्ट (बैठक थोडी सरकणारे) लावून बसवून देणारे भेटतात. मी नको म्हटलं. ४×९८ चीच मिळवली. साइझ तोच, टायरं तीच, तरी ९०-१०० च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरायला लागलं. या गाडीचं स्टीअरिंग हायड्रॉलिक, रस्त्यावरचा खडासुद्धा हाताला कळतो, मग थरथर काय लपणार! बॅलन्सिंग परत केलं, मशीन शून्य दाखवतंय.

गोम मधल्या भोकात होती. गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ५८.१ मिमी, रिमचं भोक ७३.१. बॅलन्सिंग मशीनवर रिम कोनावर बसते, म्हणून तिथं ती बरोबर मधोमध. गाडीवर मात्र हबचा आधारच नाही, सगळा भरवसा बोल्टांवर. निमुळते बोल्ट रिम बरीचशी मध्यावर आणतात, पण कसताना एक बाजू आधी ओढली गेली की केसभर फरक राहतो, आणि वेगात तेवढा पुरतो. ती फट भरणाऱ्या तयार रिंगांची वाट कोण बघणार? आमच्या गल्लीतल्या लेथवर ॲल्युमिनियमच्या चार रिंगा काढून घेतल्या, बाहेरून ७३.१, आतून ५८.१. थरथर गायब. इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या गावात हे काम म्हणजे मिस्त्रींचा चहापाण्याचा वेळ.

घाटवेडा
ऑफसेटबद्दल कोण बोलायलाच तयार नाही. माझी फ्रंट-व्हील हॅचबॅक, रिम ईटी ४५ ची होती (ईटी म्हणजे ऑफसेट, मिमीत), नवी ईटी ३५. चाक १० मिमी बाहेर आलं. दिसायला एक नंबर, फेंडरला कुठं घासत नाही, दुकानदार खूश. करूळ घाटात पुढचं एक चाक खड्ड्यात गेलं की स्टीअरिंग हातातून हिसकावून घेतल्यासारखं होतं. ब्रेक मारताना एक बाजू मुरमावर असली की गाडी तिरकी ओढते. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तरी तेच.

कारण सोपं आहे. चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष जमिनीला कुठं टेकतो आणि टायरचा मध्य कुठं, यातलं अंतर कंपनीनं ठरवून ठेवलेलं असतं. चाक बाहेर आणलं की ते बदलतं, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का वेगळ्या ताकदीनं स्टीअरिंगपर्यंत पोचतो. स्पेसर (रिम आणि हबमधली चकती) लावला तरी हाच हिशेब. मी रिमा परत बदलतोय, ईटी ४२ च्या आसपास. रुबाब गेला तर गेला.

कोव्हेंट्रीकर (मूळचा राजारामपुरी)
इकडं इंग्लंडात माझ्याकडं माझदा एमएक्स-५ आहे, एनडी पिढीची. सगळे मोठ्या रिमा घालतात, मी २०५/४५ आर१७ वरून १९५/५० आर१६ वर उतरलो. दोन्ही साइझ कंपनीचेच, पण माझ्या १६ च्या रिमा बऱ्याच हलक्या आहेत. वळणाची सुरुवात किंचित मऊ झाली, पण टायर आता सुटणार हे आधी कळतं. गावाबाहेरच्या उंचसखल रस्त्यांवर मला हेच आवडतं.

शिरोली अलाइनमेंट
रोज अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं काम करतो, म्हणून दोन गोष्टी.

बऱ्याच रिअर-व्हील स्पोर्ट्स कारला पुढं अरुंद, मागं रुंद टायर असतात. पोर्शे ७१८ केमनला १८ इंचात पुढं २३५, मागं २६५. एका गिऱ्हाइकाला त्याच्या कूपेला चारी सारखी हवी होती, म्हणजे रोटेशन (पुढची-मागची चाकं आलटून-पालटून) करता येईल. मी अडवलं. पुढची पकड वाढली, मागची घटली की स्टीअरिंग झकास तीक्ष्ण वाटतं, आणि पावसात ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग पुढं यायला बघतो.

दुसरं, नव्या टायरांवर गाडी एका बाजूला ओढली की लोक अलाइनमेंटला शिव्या घालतात. आधी चारींची हवा थंड असताना सारखी बघा. मग पुढची डावी-उजवी चाकं आलटून बघा. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये. तशीच राहिली तर माझ्याकडं या.

कार्टवाला
मोहितेंच्या ट्रॅकवर कार्ट चालवून बघा. पुढच्या चाकाचा स्पेसर इकडचा तिकडं केला किंवा हवा एखाद्या पीएसआयनं हलवली की स्टीअरिंग वेगळं लागतं. तिथं पॉवर स्टीअरिंग नाही, लपायला जागाच नाही.

रंकाळा१६
शिरोलीवाले अण्णा, माझी टायरं एकाच दिशेची आहेत, बाण असलेली. डावं-उजवं कसं करू?

शिरोली अलाइनमेंट
चारी एकाच साइझची असतील तर पुढचं मागं करा, त्याच बाजूला. ओढ कमी झाली तर दोष टायरचा समजायचा. पुढं-मागं वेगळा साइझ असेल तर रिमवरून टायर उतरवून पलटावं लागतं, पुन्हा बॅलन्सिंग आलं. शनिवारी येऊ नका, गर्दी असते.