‘विंडो’ या शब्दाचा उत्तरार्ध कोठून आला?

प्रश्न:
‘विंडो’ या इंग्रजी शब्दात ‘विंड’ म्हणजे वारा आहे, हे उघड दिसते. परंतु शेवटच्या ‘ओ’ला स्वतंत्र अर्थ आहे का? तो ‘डोअर’चा अवशेष असावा आणि मूळ अर्थ ‘वाऱ्याचे दार’ असावा, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का?

प्रतिसाद १:
येथे दाराचा संबंध नाही. हा शब्द प्राचीन नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या वायकिंग दर्यावर्दींच्या भाषेतल्या ‘विंदाउगा’वरून आला असून ‘विंदर’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा, अशी त्याची फोड होते. वायकिंगांनी इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वस्ती केल्यावर त्यांचे अनेक शब्द इंग्रजीत रुळले, त्यांपैकीच हा एक; मात्र लिखाणात तो तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. त्या काळच्या साध्या घरांत भिंतीला वा छपराला ठेवलेल्या झरोक्याला काच नसे, त्यामुळे त्याला वाऱ्याचा डोळा म्हणणे अगदी स्वाभाविक होते. पुढे उच्चारात ‘आउगा’ झिजत गेला आणि त्याचा केवळ ‘ओ’ उरला.

प्रतिसाद २:
दार मात्र दुसऱ्या एका शब्दात सापडते. नॉर्स शब्द रुळण्यापूर्वी जुन्या इंग्रजीत खिडकीला ‘एआगदुरू’, म्हणजे ‘डोळ्याचे दार’, आणि ‘एआगथिरेल’, म्हणजे ‘डोळ्याचे भोक’, असे शब्द होते. दोन्ही लोपले, तरी त्यातला ‘थिरेल’ आजच्या ‘नॉस्ट्रिल’मध्ये, म्हणजे नाकपुडीत, टिकून आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. जर्मनने मात्र लॅटिन ‘फेनेस्ट्रा’वरून ‘फेन्स्टर’ घेतला.

प्रतिसाद ३:
आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा, तर ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट. ‘विंडो’त एकत्र आलेले वारा आणि डोळा संस्कृतात दोन शब्दांत विभागलेले आहेत. फ्रेंचमध्येही लहान गोल खिडकीला ‘बैलाचा डोळा’ याच अर्थाचा शब्द आहे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. मग ‘विंडो’ हा ‘वातायन’वरून घडला, असे म्हणता येईल का?

प्रतिसाद ३:
नाही, तसे म्हणू नये. ‘वात’ आणि ‘विंड’ हे आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोहोंच्या पूर्वज भाषेतल्या, एकाच धातूपासून निघालेले सगोत्र शब्द आहेत, आणि ‘अक्षि’ व ‘आय’ यांचेही मूळ एकच मानले जाते. पण हे सामासिक शब्द प्रत्येक भाषेने आपापल्या घरी घडवले आहेत.