पत्रा कापलेली पद्मिनी 'मूळ स्थिती' गटात नको

कुर्ला_७४
आपल्या मालक क्लबच्या पुढच्या मेळाव्यात डिस्क ब्रेक, एसी, अलॉय व्हील बसवलेल्या पद्मिनींनाही 'मूळ स्थिती' गटात, म्हणजे कारखान्यातून आली तशी राखलेल्या गाड्यांना गुण देतात त्या गटात, उभं करू द्यावं, असा काही सभासदांचा आग्रह आहे. माझा त्याला विरोध आहे.

आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी, ही एकाच गाडीची नावं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी आता कुणीच बनवत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. आता जे काही उरलंय ते आपल्यासारख्यांच्या दारात आहे. एसीच्या पाइपांसाठी फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कापायची, स्पीकरसाठी दारांचा पत्रा कापायचा, नवा स्टिरिओ बसावा म्हणून डॅशबोर्डला करवत लावायची, हे मला बघवत नाही. रंग परत देता येतो, सीट परत शिवता येतात. कापलेला पत्रा कुठून आणणार?

शिवाय २०२१ चा केंद्राचा नियम बघा. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' या वेगळ्या नंबर मालिकेत नोंदता येते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसेल तरच. पद्मिनीच्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी गाठलीय. आज हौसेने केलेला बदल उद्या ही वाट बंद करेल.

घाटवाट
'व्हीए' नंबर घेतला की गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मला ती मालिका नकोच आहे. मी पद्मिनी घेतली ती चालवायला.

मूळ पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. बोरघाट उतरताना पुढे ट्रक, मागे बस, आणि ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तिथे थांबत नाही. शेजारी माझी मुलगी बसलेली असते. पुढच्या चाकांना डिस्क बसवली, आरटीओत रीतसर मंजुरी घेऊन, आणि ती मी काढणार नाही. माझ्या गाडीला मुळात सीट बेल्ट नव्हते. ते बसवायला पिलरला भोक पाडावंच लागलं. तेही पाडायचं नव्हतं का?

कुर्ला_७४
बेल्टला माझा विरोध नाही, क्लबमध्ये कुणाचाच नसावा. पण ब्रेकचं म्हणाल तर दुसऱ्या गियरमध्ये घाट उतरला, ब्रेकचे शू नीट सेट केले, व्हील सिलिंडर आणि होज (रबरी नळ्या) वेळेवर बदलले, तर ड्रम दगा देत नाहीत. निम्म्या गाड्यांत ब्रेक ऑइल किती वर्षांपूर्वी बदललं हे मालकाला माहीत नसतं. आधी देखभाल करा, मग डिस्कचं बोला.

जुना_मिस्त्री
दोघांचंही ऐकलं. हा वाद बोनेटच्या वर चाललाय, गाडी मरतेय खालून. मेळाव्यात क्रोम चकाचक असतं आणि रबरी मॅट उचलली की फ्लोअर गंजलेला. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असतो. अशी गाडी मी तरी मूळ स्थितीतली म्हणणार नाही.

आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी होज त्याने फुगतात, चिरतात. त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं आणि गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये बुरशीसारखा पांढरा थर दिसतो. इथे जुनीच होज लावायचा हट्ट धरलात तर इंजिनावर पेट्रोल गळून आग लागेल. होज इथेनॉल सोसणारीच लावा.

इग्निशनचे (ठिणगी पाडणारे) जुने भाग, पॉइंट आणि कंडेन्सर, बाजारात मिळतात, पण माल पूर्वीसारखा राहिला नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावतं, बाहेरून कळत नाही, आणि काढलेलं सामान डब्यात जपून ठेवलं की अर्ध्या तासात परत बसतं. हेडलाइटला रिले लावा, विजेचा भार त्यावर जाईल आणि स्विच जळायचा थांबेल. उन्हाळ्यात इंजिनावरचा पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडते म्हणून टॅक्सीवाले त्यावर ओलं फडकं टाकायचे. वेगळा इलेक्ट्रिक पंप लावला तर त्यात काय बिघडलं?

एसीला मात्र मी नाहीच म्हणतो. १०८९ सीसीच्या इंजिनावर कॉम्प्रेसर लादला की सिग्नलला तापमानाचा काटा लाल रेघेवर जातो. आणि पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस कधी मारलं होतं, तेवढं प्रत्येकाने सांगा.

बाबांची_फियाट
मला कुर्ला_७४ यांची 'मूळ स्थिती' ही कल्पनाच पटत नाही. गाडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. एकदा ती दारात आली की तशीच कोण ठेवायचं? काचेवर बाहेरून सनव्हायझर, मागच्या काचेला पडदे, टपावर कॅरियर, डॅशबोर्डवर छोटा पंखा, स्टिअरिंगला विणलेलं कव्हर. आमच्या गाडीवर यातलं बहुतेक सगळं होतं आणि ते बाबांनी एकेक करून जमवलं होतं. त्यासाठी पत्र्याला स्क्रूची भोकंही पाडली होती. आता मेळाव्यात ते उतरवून 'कारखान्यातून आली तशी' दाखवायची? इतिहास फक्त कारखान्यात घडला नाही, ज्यांनी ती वापरली त्यांच्या घरीही घडला. चोर बाजारात जुना सनव्हायझर शोधत फिरणाऱ्या माणसाला तुम्ही गुण कापून घरी पाठवणार असाल, तर मी या गटात येणार नाही.

कुर्ला_७४
त्या काळच्या वस्तू त्या काळच्या म्हणून राहू द्याव्यात, भोकांसकट. हे मी क्लबच्या बैठकीत मांडेन. मिस्त्रींनी सांगितलेले बदलही, जे काढून परत लावता येतात, त्यांचे गुण कापू नयेत. पण गेल्या चार-पाच वर्षांत फायरवॉल कापून एसी बसवलेली, खोलगट अलॉय लावलेली गाडी अशा गाड्यांच्या शेजारी उभी राहायला नको. ती चालवा, मिरवा, तिच्यासाठी वेगळी रांग ठेवा.

घाटवाट
म्हणजे स्टेअरिंगचं कव्हर चालेल, पण जीव वाचवणारा ब्रेक वेगळ्या रांगेत. हे मला मान्य नाही. डिस्कसाठी माझ्या गाडीचा पत्रा कुठेही कापलेला नाही, जुने ड्रम घरी तेल लावून ठेवलेत. परत लावता येणाऱ्या बदलाचे गुण कापायचे नसतील तर माझेही कापू नका. बैठकीला मीही येतोय.