धोबी तलावची कूड फोंड्यात उभी करायची आहे

फोंडेकर:
१५ मिनिटांचा लघुपट करतोय. मुंबईत धोबी तलावच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडात, जहाजावरच्या नोकरीची वाट बघत पडलेले तीन गोंयकार. म्हातारा सभासद वारतो आणि तिघांचाही डोळा त्याच्या जागेवर. संहिता २२ पानं झालीय, पण वाचनाला कुणी हसत नाही. मुंबईत शूटिंग परवडणार नाही. खोली इथंच उभी करता येईल?

कात्री:
एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तेव्हा सात पानं जायलाच हवीत. मुंबईतले हाल सांगणारे संवाद आधी उडवा. पात्रं स्वतःचं दुःख बोलू लागली की बघणारा हळहळतो, हसत नाही. हसवायला कुडीचे नियम पुरेत. संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, सगळे हजर, प्रत्येकाची पत्र्याची पेटी भिंतीशी. मेलेल्याच्या आत्म्यासाठी तिघे गुडघ्यांवर, बोटांत मणी सरकताहेत, आणि एकाचा पाय त्याची पेटी हळूच कडेला सारतोय. इथं विनोदी वाक्य नको, गमतीदार संगीत तर नकोच. मात्र जागेची किंमत आधी कळायला हवी. पहिल्या दोन मिनिटांत एकजण पेटीसकट जिन्यात झोपलेला दाखवा, नाहीतर पुढचं सगळं नुसतं विचित्र वाटेल.

३५मिमी:
खोली होईल. फक्त कौलं आणि शिंपल्यांची खिडकी फ्रेममध्ये आली की मुंबई संपली, म्हणून एकच कोपरा धरा. एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर ३५ मिमीची लेन्स लावा. वाइड लेन्सनं खोली ऐसपैस दिसते, दाटी मरते. पेट्या दहा-बारा, जुन्या, वेगवेगळ्या मापाच्या. ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवा, १/६०ला पट्टे धावतात.

बूमवाला:
आवाजानंच पकडले जाल. पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंपू एकदा ट्रॅकवर आला की काढणं कठीण. पंखा, फ्रिज बंद, प्रत्येक सेटअपनंतर ३० सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करा. मरीन लाइन्स स्टेशन आणि धोबी तलावचा चौक एकानं जाऊन टिपून आणावा, तेवढा खर्च सोसा. पावसाळ्यात नकोच, कौलांखाली संवाद बुडतो. घरमालकाची लेखी संमती घ्या. रस्त्यावर कॅमेरा लावणार असाल तर एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज.

फोंडेकर:
देव बरें करूं सगळ्यांना. पेटी सारताना पत्रा करकरेल, तो आवाज काढू?

कात्री:
काढू नका हो! तेर्स क्षणभर थांबू दे, मग तिघेही दुप्पट जोरात.